वंशलोचनाचा खडा आणि स्मिथसनचं मृत्युपत्र

जुलै १७९१मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचला गेला. विषय होता हैदराबादच्या बाजारातून आलेले पांढरट, हलके, जिभेला चिकटणारे खडे. निबंधकाराचं नाव जेम्स लुई मेसी, वय पंचविशीच्या आसपास आणि सोसायटीपुढचा त्याचा हा पहिलाच निबंध. आपल्याकडचे वैद्य ज्याला वंशलोचन म्हणतात तेच हे खडे. युरोपातले औषधविक्रेते त्यांना ‘तबशीर’ म्हणत. मेसीने ते आम्लात उकळले, पण ते विरले नाहीत. दाहक क्षारात मात्र विरघळले आणि सोड्याबरोबर तापवल्यावर त्यांची काच झाली. त्याने निकाल दिला की हे द्रव्य गारगोटीचं, म्हणजे सिलिका. बांबूच्या पोटात दगड सापडला होता.

पुढे मेसीने आडनाव बदललं. तो नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकचा अनौरस मुलगा होता. आई वारल्यावर त्याने बापाचं मूळ आडनाव घेतलं आणि तो जेम्स स्मिथसन झाला. १८२९मध्ये तो जिनोआत वारला. मृत्युपत्रात लिहिलं होतं की पुतण्या निपुत्रिक गेला तर सगळी मालमत्ता अमेरिकेला द्यावी आणि वॉशिंग्टनमध्ये ज्ञानाच्या वाढीसाठी व प्रसारासाठी संस्था काढावी. पुतण्या १८३५मध्ये तसाच गेला. ज्या देशात स्मिथसनने कधी पाऊल ठेवलं नव्हतं, तिथे १८४६मध्ये स्मिथसोनियन इन्स्टिट्यूशन उभी राहिली.

इथवरची गोष्ट अनेकांना ठाऊक असते. फारसं कोणी जोडून पाहत नाही तो दुवा पुढचा आहे. वनस्पतींच्या पेशींत तयार होणाऱ्या सिलिकाच्या सूक्ष्म कणांना फायटोलिथ म्हणतात. या कणांवरून हजारो वर्षांपूर्वीची शेती ओळखण्याचं शास्त्र विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ज्या थोड्या ठिकाणी घडलं, त्यांत पनामातली स्मिथसोनियन उष्णकटिबंधीय संशोधन संस्था अगदी पुढे होती. तिथल्या डोलोरेस पिपेर्नो यांनी १९८८मध्ये लिहिलेला ग्रंथ या विषयाचा पायाग्रंथ मानला जातो. म्हणजे झाडातल्या सिलिकेवर पहिला निबंध लिहिणाऱ्या माणसाच्या नावाची संस्था दोनशे वर्षांनी झाडातल्या सिलिकेच्याच अभ्यासाचं माहेरघर झाली. संस्थेत हजार विषयांवर काम चालतं, त्यामुळे हा निव्वळ योगायोग आहे असं कोणी म्हणेल. असेलही. पण या योगायोगाचं एक टोक धरून मागे जाऊ लागलं की वाटेत ठाणं लागतं, गोवं लागतं, नागपूर लागतं, आणि इस्तंबूलच्या शाळेतला फळासुद्धा लागतो.

सुरुवात नावापासून करावी लागते, कारण या वस्तूचा प्रवास तिच्या नावातच नोंदलेला आहे.

संस्कृतात तिला बरीच नावं आहेत. भावप्रकाशात वंशरोचना, तुगाक्षीरी, त्वक्क्षीरी, वंशक्षीरी अशी समानार्थी शब्दांची माळच दिली आहे. वंशरोचनेचं पुढे वंशलोचन झालं. त्वक् म्हणजे साल आणि क्षीर म्हणजे दूध, म्हणून त्वक्क्षीर म्हणजे सालीतलं दूध. बांबूच्या दोन पेरांमधल्या पोकळीत रस साठतो, आटतो, घट्ट होतो आणि शेवटी खडा उरतो. हे ज्यांनी पाहिलं त्यांनीच हे नाव ठेवलं असणार. सितोपलादि चूर्णाचं प्रमाण आजही तेच सांगतात: खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडे २ आणि दालचिनी १. चरकसंहितेत राजयक्ष्म्याच्या प्रकरणात हाच पाठ येतो आणि तिथे वंशलोचनाच्या जागी तुगाक्षीरी हा शब्द आहे.

याच नावाचं दुसरं रूप तवक्षीर. त्यावरून मराठीत आलं तवकीर. मात्र मराठी स्वयंपाकघरातली तवकीर बांबूची नव्हे. ती हळदीच्या कुळातल्या एका रानकंदाचं सत्त्व. उपासाला आणि आजाऱ्याला चालणारं, दुधात शिजवलं की पटकन आळणारं. हिंदीतला तिखूर तोच, आणि शब्दही मुळात तोच. तेव्हा एका नावाच्या दोन वस्तू झाल्या, एक दगड आणि एक पीठ. प्राचीन ग्रंथांतली तुगाक्षीरी यांपैकी नेमकी कोणती, यावर वैद्यमंडळींत जुना वाद आहे. चूर्णात घालायचं तर पीठ सोयीचं, म्हणून ती कंदाचीच, असं एक पक्ष म्हणतो. हा पक्ष दुबळा वाटतो. निघंटुकार तिला वांशी आणि वैणवी म्हणतात, दोन्ही नावं सरळ वेळूची. बांबूचा खडा दुर्मिळ आणि महाग, कंदाचं सत्त्व पांढरं, थंड आणि स्वस्त. त्यामुळे एकाचं नाव दुसऱ्याने उचललं, हे अधिक संभवतं. बाजारात महागाचं नाव नेहमी स्वस्ताकडे सरकतं, उलट कधी सरकत नाही.

हाच शब्द इराणमार्गे अरबांकडे गेला तो तबाशीर होऊन. इथे खरी भाऊबंदकी सुरू होते.

अरबी भाषेत ‘तबाशीर’ असाच ऐकू येणारा एक अस्सल देशी शब्द आहे. त्याचा अर्थ शुभवार्ता, पहाटेची पहिली आभा. खड्याचा रंगही फिकट पहाटेसारखा, तेव्हा हा शब्द आमचाच, असं म्हणण्याचा मोह काहींना झाला. पण लिपीच साक्ष देते. पहाटेचा तबाशीर अरबीत साध्या ‘ते’ने लिहितात, औषधाचा ‘तोय’ने. परक्या शब्दांतला ‘त’ लिहिताना अरबी लेखक वारंवार ‘तोय’ वापरत. औषधाचं नाव बाहेरून आलं हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं.

मग ते आलं कुठून? इथे एक लाडका तर्क मांडण्याजोगा आहे. बाराव्या शतकाच्या मध्यावर सिसिलीच्या राजा रॉजरच्या दरबारात बसून अल-इद्रिसीने जगाचा भूगोल लिहिला. त्यात ‘ताना’ नावाचं बंदर आहे, मोठ्या खाडीवरचं, जिथून जहाजं सुटतात. आसपासच्या डोंगरांत वेळू आणि तबाशीर होतो आणि तिथला माल पूर्वेला व पश्चिमेला जातो, असं तो लिहितो. इद्रिसी हिंदुस्थानात कधी आला नव्हता, व्यापाऱ्यांच्या तोंडचं लिहीत होता, पण हे ताना म्हणजे आपलं ठाणं, यावर बहुतेकांचं एकमत आहे. उत्तर कोकणच्या डोंगरांत कळक आणि मानवेल किती, हे सांगायला नको. तेव्हा माल कोकणातून चढला आणि मालाबरोबर शब्दही कोकणातूनच चढला असणार. ‘त्व’चं ‘तव’ आणि मग ‘तब’ हे वळण मराठी तवकिराच्या फार जवळचं आहे.

तर्क देखणा आहे, पण त्याला एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. कोकणातल्या बोलीत क्षीरचं खीर झालं होतं. नावाड्यांच्या तोंडून शब्द गेला असता तर अरबांना ‘तबाखीर’ ऐकू आलं असतं. त्यात ‘श’ कुठून शिरला? प्रतिपक्ष म्हणतो की शब्द समुद्रावरून गेलाच नाही, तो पोथीतून गेला. भारतीय वैद्यकाचे ग्रंथ इराणी आणि अरबी भाषांत उतरले, चरकाचं भाषांतर झाल्याची नोंद बगदादच्या इब्न अल-नदीमने केली आहे. भाषांतरकारासमोर संस्कृत त्वक्क्षीर होतं, आणि फारसीत दुधाला शब्दच मुळी शीर. संस्कृत क्षीर आणि फारसी शीर हे एकाच जुन्या शब्दाचे दोन वंशज. इराणी माणसाला शब्दाचा उत्तरार्ध भाषांतर न करताच कळला आणि त्याने तो आपल्या पद्धतीने उच्चारला.

‘श’चा खुलासा याहून चांगला होत नाही, तेव्हा तो मान्यच करायला हवा. मात्र तेवढ्याने ठाण्याची बाजू पूर्ण पडत नाही. नाव पोथीतून गेलं आणि माल गलबतातून गेला, यात विसंगती काहीच नाही. शिवाय ‘शीर’ आपल्या भाषेतलं वाटल्यामुळे गलबतावरच्या इराणी व्यापाऱ्यानेही ‘खीर’चं ‘शीर’ केलं असेल. बंदरात दोन भाषा जाणणाऱ्यांची वाण कधी नव्हती.

पुढे या शब्दाने आणखी एक उडी मारली. तुर्कीत आज ‘तेबेशिर’ म्हणजे फळ्यावर लिहायचा खडू. आधुनिक अरबीतही ‘तबाशीर’ म्हणजे खडूच. तुर्कांबरोबर तो बल्गेरियनमध्येही गेला. पांढरा, ठिसूळ, बोटांना लागणारा तुकडा एवढ्याच साम्यावर बांबूच्या दुधाचं नाव चुनखडीला चिकटलं. कैरोतला मास्तर फळ्यावर लिहितो तेव्हा त्याच्या हातात त्वक्क्षीर असतं, निदान नावापुरतं.

युरोपने मात्र वेगळाच घोळ घातला. इब्न सिनाने आपल्या ‘कानून’मध्ये तबाशीर म्हणजे जळलेल्या वेळूंची मुळं असं म्हटलं. वाऱ्याने वेळू एकमेकांवर घासून पेट घेतात आणि राखेत हे सापडतं, अशी कथा त्या काळी फिरत होती. बाराव्या शतकात तोलेदो शहरात क्रेमोनाच्या जेरार्डने ‘कानून’ लॅटिनमध्ये आणला तेव्हा तबाशीरसाठी त्याने ग्रीक औषधशास्त्रातला शब्द वापरला, स्पोडियम. स्पोडोस म्हणजे राख. राखेला राख, भाषांतर वरवर बरोबर. पण ग्रीकांचं स्पोडियम म्हणजे तांब्याच्या भट्टीच्या धुराड्यात साचणारी पांढरी काजळी, मुख्यतः जस्ताचं भस्म. म्हणजे इब्न सिनाने तापावर सांगितलेल्या शीतल औषधाच्या जागी लॅटिन वाचकाला धातूची राख दिसू लागली.

मग युरोपातल्या औषधांच्या दुकानांत स्पोडियम म्हणून तिसरीच वस्तू विकली जाऊ लागली, ती म्हणजे जाळलेलं हस्तिदंत. हे कुठून आलं याचा एक धागा पुन्हा इद्रिसीकडे सापडतो. तबाशीरमध्ये हस्तिदंताच्या राखेची भेसळ करतात, असं तो स्पष्ट लिहितो. आधी भेसळ झाली, मग भेसळीलाच मूळ वस्तूचं नाव मिळालं आणि युरोपात पोचेपर्यंत मूळ वस्तू उरलीच नाही, अशी ही साखळी असावी. थेट पुरावा नाही, पण कड्या एकमेकींत नेमक्या बसतात. आजही फार निराळं नाही. बाजारात वंशलोचन म्हणून मिळणारं पुष्कळसं आता कारखान्यात बनवलेली सिलिका असते.

हा घोळ प्रथम उघडा पाडला तो गोव्यात. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. १५६३मध्ये गोव्यातच छापलेल्या त्याच्या ‘कोलोकियुश’ या संवादरूप ग्रंथात तबाशीरला स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात तो सांगतो की अरबांचा तबाशीर आणि ग्रीकांचं स्पोडियम या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत, भाषांतरकाराने त्या एक केल्या. जिथे हा माल होतो तिथले लोक त्याला ‘सक्कर मांबू’ म्हणतात, वेळूची साखर, हेही तो नोंदवतो.

या ‘साखरे’ने पुढच्या शतकात नवं भांडण लावलं. प्लिनी आणि डायोस्कोरिडीस यांनी हिंदुस्थानातल्या वेतात सापडणाऱ्या, मिठासारख्या दाताखाली फुटणाऱ्या ‘साखारोन’चं वर्णन केलं आहे. फ्रेंच पंडित सोमेझ याने ठासून सांगितलं की ती साखर नव्हेच, तो तबाशीर. मोठमोठ्या लोकांना हे पटलं. पण डायोस्कोरिडीस त्याच जागी म्हणतो की ते पाण्यात विरघळवून प्यावं, पोटाला चांगलं. वंशलोचनाचा खडा ग्लासभर पाण्यात टाकून पाहावा, तो आठवडाभर तिथेच बसून राहील. गोड तर तो नाहीच. सोमेझने वस्तू हातात घेतली असती तर वाद एका संध्याकाळीत मिटला असता.

वस्तू हातात घेणारा माणूस आला तो दीडशेहून अधिक वर्षांनी, विशाखापट्टणमला. पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश डॉक्टर आधी अलेप्पोत होता, अरबांच्या औषधांशी त्याचा तिथेच परिचय झाला. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इलाख्यात निसर्गतज्ज्ञ झाला. आपली घोणस शास्त्रीय नावात ‘रसेली’ आहे ती याच रसेलवरून. त्याने हलवल्यावर आत खुळखुळणारे बांबू मागवले, ते उभे चिरले आणि पेरात काय आहे ते पाहिलं. कुठे पाणी, कुठे दाट मधासारखा रस, कुठे कोरडे खडे. जळकी मुळं, वणवा, राख या सगळ्या कथा तिथेच संपल्या. १७९०मध्ये त्याचं पत्र सर जोसेफ बँक्स यांच्यामार्फत रॉयल सोसायटीपुढे आलं. बरोबर नमुने होते, त्यांतला उत्तम प्रतीचा हैदराबादच्या बाजारातला. ते नमुने मेसीकडे गेले.

आता स्मिथसनच्या आयुष्यातला दुसरा योग पाहा. १८०२मध्ये त्याने कॅलमाइन नावाने ओळखल्या जाणाऱ्या जस्ताच्या खनिजांचं पृथक्करण केलं आणि एका नावाखाली वेगवेगळी द्रव्यं खपत आहेत हे दाखवलं. त्यांतल्या एकाला, जस्ताच्या कार्बोनेटला, १८३२मध्ये ‘स्मिथसोनाइट’ हे नाव मिळालं. म्हणजे जेरार्डने सहाशे वर्षांपूर्वी ज्या दोन वस्तूंची गाठ मारली होती, वेळूचा खडा आणि जस्ताचं भस्म, त्या दोन्हींच्या मागचं रसायन एकाच माणसाने निस्तरलं. त्याला जेरार्डची चूक डोळ्यापुढे ठेवून काम करायचं होतं असं मानायला आधार नाही. नावाच्या गोंधळाआडचं द्रव्य शोधण्याचा त्याचा स्वभावच होता, एवढं म्हणता येईल.

मेसीच्या निबंधाच्या शेवटी एक मजेशीर भर आहे. इस्लिंग्टनमधल्या एका डॉक्टरच्या काचघरात वाढवलेल्या हिरव्या बांबूत काहीतरी वाजत होतं. चिरून पाहिला तर वाटाण्याच्या अर्ध्याएवढा गोटा निघाला, काचेवर ओरखडा काढण्याइतका कठीण. म्हणजे हिंदुस्थानच्या मातीचा किंवा उन्हाचा हा चमत्कार नव्हता, तो बांबूचाच धर्म होता.

इथे पाठ्यग्रंथांशी भांडण काढावं लागतं. फायटोलिथचा इतिहास सांगताना पहिला टप्पा १८३५पासून मोजण्याची रीत आहे. त्या वर्षी बर्लिनमध्ये स्ट्रूवेने वनस्पतींतल्या सिलिकेवर प्रबंध लिहिला. पिपेर्नोंच्या ग्रंथातली कालगणनाही तिथूनच सुरू होते. याचं समर्थन असं: फायटोलिथ म्हणजे पेशीत किंवा पेशींच्या भिंतीत साचलेला, पेशीचा आकार घेतलेला कण, तर वंशलोचन हा पोकळीत आटलेला बेढब गोळा. त्यावरून झाड ओळखता येत नाही, आणि ओळख हाच तर या शास्त्राचा प्राण.

आक्षेप खरा आहे, पण त्याने ४४ वर्षं पुसली जात नाहीत. मुळांनी मातीतल्या पाण्याबरोबर विरघळलेलं सिलिसिक आम्ल ओढून घ्यायचं, ते खोडात वर चढायचं आणि पाणी उडून गेलं की सिलिका मागे राहायची, ही वाट दोन्हींची एकच. १९६६मध्ये जोन्स, मिल्न आणि सँडर्स यांनी ‘सायन्स’मध्ये तबाशीरवर लिहिलं तेव्हा त्याला वनस्पतीजन्य ओपलच म्हटलं, आणि यांतले जोन्स हे गवतांतल्या फायटोलिथवर आयुष्य घालवलेले गृहस्थ. १७९९मध्ये वीस वर्षांच्या हम्फ्री डेव्हीने वेत, बोरू आणि गवतांच्या सालीत सिलिका दाखवली होती. त्याला कारण ब्रिस्टलजवळचा एक मुलगा, ज्याला वेताच्या दोन काड्या अंधारात घासल्यावर उजेड पडताना दिसला. झाडात दगड असतो हे १८३५ला नवं नव्हतं. नवं एवढंच की आता सूक्ष्मदर्शक चांगले झाले होते.

मधल्या काळात वंशलोचनाने प्रकाशशास्त्रालाही बुचकळ्यात टाकलं. कॅलिडोस्कोप बनवणाऱ्या डेव्हिड ब्रूस्टरने १८१९मध्ये त्याचे प्रकाशीय गुण मोजले. त्याच्याकडे नागपूरचे आणि वेल्लोरचे नमुने होते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, साध्या काचेचा १.५ आणि या खड्यांचा १.११ ते १.१८ निघाला. घन पदार्थ, पण प्रकाशाला पाण्यापेक्षाही कमी वाकवणारा, जवळजवळ हवेसारखा. कारण तो अतिसूक्ष्म छिद्रांनी भरलेला, बराचसा हवाच. थोडंसं पाणी लावलं की तो खडूसारखा पांढरा अपारदर्शक होतो, पोटभर पाणी पाजलं की पुन्हा पारदर्शक. तुर्की शिक्षकाला ब्रूस्टरचा प्रयोग ठाऊक नसला तरी खडूचं नाव इतकं अस्थानी नव्हतं. नागपूरचा तो खडा बहुधा चांदा किंवा भंडाऱ्याकडच्या बांबूतला असणार. नागपूरच्या बाजाराला बांबू पुरवणारी मोठी रानं तीच.

पुढचे टप्पे भराभर गेले. जानेवारी १८३२मध्ये केप व्हर्ड बेटांजवळ ‘बीगल’ जहाजावर तपकिरी धूळ पडली, डार्विनने ती गोळा केली आणि बर्लिनच्या निसर्गशास्त्रज्ञ एरनबर्गकडे अशा धुळीच्या पुड्या पाठवल्या. एरनबर्गला त्यांत ६७ प्रकारचे सूक्ष्म सेंद्रिय आकार दिसले, त्यांतले काही वनस्पतींच्या सिलिकेचे. त्याने त्यांना ‘फायटोलिथारिया’ म्हटलं. विसाव्या शतकात जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी आकारांच्या याद्या केल्या, मग मृदाशास्त्रज्ञ आले आणि १९७०नंतर पुरातत्त्ववाले.

पुरातत्त्वाला हे कण हवे होते ते एका साध्या कारणाने. दमट, उष्ण प्रदेशात दाणे कुजतात, पानं कुजतात, परागही पुष्कळदा टिकत नाहीत. सिलिका कुजत नाही. झाड मरतं, कण मातीत पडतो आणि माती फार अल्कधर्मी नसेल तर हजारो वर्षं तिथेच राहतो. तो काढण्याची रीत पाहिली तर मेसीच ओळखीचा वाटतो. माती आम्लात घालायची, चुना आणि सेंद्रिय द्रव्य काढून टाकायचं, जे आम्लाला दाद देत नाही ते ठेवायचं. मग घनता साधारण २.३ असलेल्या जड द्रवात ते ढवळायचं. वाळूचे कण त्याहून जड, ते तळाशी बसतात. फायटोलिथ हलके, ते वर तरंगतात. काचपट्टीवर घेतले की मायक्रोमीटरच्या मापाचे पंखे, डंबेल, क्रूस आणि खोगिरं दिसू लागतात. पंख्यासारखा कण भाताच्या पानातला. भाताच्या तुसावरच्या पेशीला दोन टोकं असतात, आणि त्या टोकांच्या मापांवरून रानटी भात आणि पेरलेला भात वेगळा काढण्याची रीत १९९८मध्ये मांडली गेली. भात इतकी सिलिका ओढतो कशी, हे त्यानंतर ८ वर्षांनी कळलं, जेव्हा जपानमधल्या संशोधकांनी भाताच्या मुळातलं सिलिका आत घेणारं जनुक शोधलं.

मक्याची गोष्ट याहून चमकदार. मक्याचा पूर्वज तेओसिंते नावाचं मेक्सिकन गवत. त्याचा दाणा दगडासारख्या कवचात बंद असतो. कवच कठीण करणारं एक जनुक सिलिका कुठे आणि किती साचेल हेही ठरवतं. माणसाने उघडा दाणा निवडला तेव्हा नकळत सिलिकेचा साचाही बदलला आणि कणसातले फायटोलिथ पूर्वजापेक्षा निराळे झाले. पिपेर्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९मध्ये मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यातल्या एका कातळनिवाऱ्यातून सुमारे ८,७०० वर्षांपूर्वीचा मका दाखवला तो अशाच कणांवरून आणि दळण्याच्या दगडांवर चिकटलेल्या पिठाच्या कणांवरून. कणीस एकही सापडलं नव्हतं.

सगळंच इतकं नीट बसत नाही. कणाच्या आत अडकलेल्या कार्बनवरून थेट वय काढता येईल अशी आशा होती, पण तो कार्बन झाडाचा की मुळातून आलेल्या जुन्या मातीचा, यावर प्रयोगशाळांत जोरदार खडाजंगी झाली. आकारांची भाषाही फसवी आहे. अनेक गवतं सारखेच कण बनवतात, म्हणून एकटा कण कधीच पुरत नाही, त्यांचा मेळ पाहावा लागतो.

तरी या पद्धतीचा सर्वांत लांबचा नेम बसला तो विदर्भात. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या लॅमेटा थरांत डायनोसॉरच्या दगड झालेल्या शेणाचे गोळे सापडतात. १९३९मध्ये भूशास्त्रज्ञ मॅटले याने त्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला होता. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद यांनी कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांच्यासह ते गोळे फोडून आम्लात घातले आणि २००५मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष छापला. आत गवतांचे फायटोलिथ होते, किमान पाच प्रकारच्या गवतांचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. तोवर गवतं डायनोसॉर संपल्यानंतर फोफावली असंच शिकवलं जाई, आणि चित्रांत डायनोसॉरच्या पायाखाली गवत काढणं ही चूक मानली जाई. ज्यांचं हे शेण मानलं जातं ते टायटनोसॉर जातीचे डायनोसॉर गवताचे चराऊ होते असं मात्र यावरून म्हणता येत नाही. त्यांच्या आहारात गवत थोडंच दिसतं, बाकी ताड, शंकुवृक्ष आणि इतर झाडं.

२०११मध्ये त्याच थरांतल्या नमुन्यांवरून प्रसाद आणि सहकाऱ्यांनी पुढचं पाऊल टाकलं. काही कण आणि पानांच्या सालीचे तुकडे भाताच्या कुळातल्या गवतांशी जुळतात, असं त्यांनी ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये लिहिलं. हे मानलं तर गवतांच्या शाखा फुटण्याच्या जनुकांवरून काढलेल्या तारखा बऱ्याच मागे ढकलाव्या लागतात, आणि किती मागे, यावरची मापामापी अजून चालू आहे.